बेळगावात राहून रेसिडेन्सीला, म्हणजे चित्रकारानं बाहेरगावी राहून काम करायच्या सोयीला, अर्ज करावा का? त्यातून प्रदर्शन मिळतं का?

करा की अर्ज. पण प्रदर्शनाच्या आशेनं नको. रेसिडेन्सीत खोली मिळते, जेवण मिळतं, घरच्या कटकटीतून सुटका मिळते. गॅलरीची तारीख आपली आपणच काढायची असते.

मी एकदाच गेलो. ऐन जुलैत, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं. थोरले बंधू म्हणाले, "तासाभरावर जाऊन चित्रं काढणार? मग माळ्यावर काय अडचण आहे?" त्या पावसात जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ पाणीदार थर, दुपारी दिला तर रात्रीपर्यंत ओलाच. पहिल्या आठवड्यात तीन कागदांना बुरशी धरली, तेही चांगले जाड, 300 जीएसएमचे सुती. हेअर ड्रायर होता, वीज नव्हती. शेवटी पटकन वाळणारे ॲक्रिलिक रंग काढले आणि भातलावणीचं चार फुटी चित्र केलं. वाकलेल्या बायका, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळा, पायांमागं हिरव्या रोपांच्या ओळी. स्वतःवरच खूश होतो.

शेवटच्या दिवशी पडवीत चित्रं मांडून गावाला बोलावलं. एक मावशी त्या चित्रापुढं थांबल्या.

"ह्या बायका पुढं चालायल्यात व्हय?"

"म्हणजे?"

"लावण मागं मागं सरकत करत्यात. तुमच्या बायका लावलेलं तुडवत आल्यात की!"

सगळी पडवी हसली. सोबतचा मुंबईत शिकलेला चित्रकार म्हणाला, चित्रात बरोबर-चूक नसतं, हे काय शेतकी खात्याचं पोस्टर आहे? आमचं भांडण तिथं सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. अरे बाबा, मुद्दाम उलटं काढणं वेगळं. मला ठाऊकच नव्हतं! मी बेळगावच्या शहापुरात वाढलो, भात ताटात बघितलेला.

रात्री बसून रोपं बायकांच्या पुढ्यात आणली आणि पायांमागं नुसता चिखल ठेवला. गंमत म्हणजे त्या मोकळ्या चिखलाच्या पाण्यात आभाळ उतरलं, जे आधी कुठं बसवावं कळत नव्हतं.

नोव्हेंबरात बेळगावच्या वरेरकर नाट्य संघातल्या के. बी. कुलकर्णी कलादालनात प्रदर्शन केलं, स्वखर्चानं. फ्रेमिंगनंच कंबर मोडली. मावशींना निरोप धाडला होता. त्या आल्या नाहीत, कापणी चालू होती.

आणि "मुंबईत गेल्याशिवाय चित्रकार होत नाही" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ज्यांच्या नावाचं ते कलादालन, त्या के. बी. सरांनी बेनन स्मिथ शाळेत शिकवत इथंच आयुष्य काढलं. नावाजलेले चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखालचे. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून आहे तिथंच आहे. तिथं अर्ज टाकून ठेवा, नंबर लागायला वर्षं जातात, तोवर इथल्या लोकांना चित्रं दाखवा. चूक काढणारा माणूस इथं फुकट मिळतो.

हो, मी निसर्गचित्रवाला. इन्स्टॉलेशन (जागेत वस्तू मांडून केलेली कलाकृती), व्हिडिओ करत असाल तर माझं अर्धं सोडून द्या. परांजपेही पुढं मुंबईला गेलेच, तेही खरं. रेसिडेन्सीच्या अर्जाआधी प्रवासखर्च कोण देतं आणि जाताना एखादं चित्र ठेवून घेतात का, एवढं विचारा. माझं एक ठेवून घेतलं. बुरशी धरलेलं. ठिपक्यांचं तंत्र त्यांना फार आवडलं होतं.