पोटऱ्यांना कामाला लाव

जळगाव

प्रिय बेटा,

तुझा मेसेज वाचला, फोटोही पाहिला. संध्याकाळी ट्रॅकपँटच्या इलॅस्टिकची खूण घोट्यावर उमटून राहते, पाय जड होतात आणि पहाटे पोटरीत गोळा येऊन झोपमोड होते. वर तुझा प्रश्न, "काकू, मी तर दिवसभर जागचा हलत नाही, मग पाय कशाने दुखतील?" अरे, जागचा हलत नाहीस म्हणूनच! फोनवर सांगितलं असतं तर "हो काकू, हो काकू" करून तू मीटिंगला पळाला असतास. म्हणून लिहून पाठवतेय. बसून वाच, मात्र फार वेळ बसून नको.

हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं, ते त्यातल्या त्यात सोपं. तेच रक्त वर परत आणायचं काम त्याला एकट्याला झेपत नाही, त्याला पोटरीचे स्नायू लागतात. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, आतल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं. पोटरी सैल पडल्यावर ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात, एकाच बाजूने उघडणाऱ्या. तुमच्या विहिरीतल्या मोटरीचा फुटवॉल, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, हेच करतो. तो गळका झाला की पाइपातलं पाणी उतरून जातं आणि मोटर नुसती फिरत राहते, हे तुझ्या वडिलांना कोणी शिकवायला नको. फरक इतकाच, की फुटवॉल बाजारातून नवा आणून बसवता येतो. शिरेची झडप एकदा निकामी झाली की व्यायामाने पहिल्यासारखी होत नाही. मग शिरा फुगून निळ्या, वेड्यावाकड्या दिसू लागतात, त्या व्हेरिकोज व्हेन्स. तुझ्या फोटोत तसलं काही दिसत नाही.

तू बसून राहिलास की पोटरी आवळत नाही. रक्त खाली साठतं, शिरांतला दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं. ती तुझी संध्याकाळची सूज. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पारा पंचेचाळिशीला टेकला की अंग थंड ठेवण्यासाठी कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि सूज आणखी वाढते. पुण्यात होतास तेव्हा हे झालं नाही, कारण तिथे बसस्टॉप, जिने, कँटीन, चहाची टपरी यांनी तुला न मागता चालवलं. अमळनेरला घरी आलास, घरूनच काम करायला लागलास आणि तेवढं सगळं चालणं बंद पडलं. जेवणसुद्धा आई हातात आणून देते, हे मला तिनेच सांगितलं.

आता तुझ्या "ऑफिस"बद्दल. आईने परवा व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ओसरीतली जुनी खाट, तिच्या कडेवर तू, समोर स्टुलावर लॅपटॉप. खाटेची नवार मधे सैल पडलेली, त्यामुळे तुझा सगळा भार त्या लाकडी पट्टीवर, आणि पट्टी नेमकी मांडीच्या मागे, गुडघ्याच्या जरा वर रुतलेली. पाय अर्धवट लोंबकळतायत. असं पाच-दहा मिनिटं कोणीही बसतं. दिवसभर बसायची ती जागा नव्हे.

हा माझा हट्ट वाटेल, म्हणून एक जुनी हकीकत सांगते. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा लोक रात्रच्या रात्र आसऱ्याच्या जागी डेक-चेअरवर बसून काढत. शवविच्छेदन करणारे डॉ. कीथ सिम्पसन यांच्या लक्षात आलं, की तिथे काही माणसं बॉम्ब न लागताही दगावतायत. पायात रक्ताची गाठ धरायची आणि ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकायची. त्या कापडी खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांडीच्या मागे दाबत होती, आणि संशय तिच्यावर गेला. पुढे २००३ साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका ३२ वर्षांच्या तरुणाची केस छापली. तो कधी कधी दिवसाचे १८ तास संगणकासमोर बसायचा. त्याच्याही पायातली गाठ फुप्फुसात गेली. अशा गाठीच्या आजाराला त्या डॉक्टरांनी "ई-थ्रॉम्बोसिस" असं नाव सुचवलं. तुझ्या वयाच्या धडधाकट पोराला असं होणं विरळच, तेव्हा रात्री जागून गुगल करत बसू नकोस. पण खाट आजच सोड.

खुर्ची भारीची नको. घरात जेवायच्या टेबलाची असेल ती चालेल. मागे टेकून बसल्यावर खुर्चीची कड आणि गुडघ्यामागची खळगी यांच्यात दोन-तीन बोटं सहज जायला हवीत, आणि तळपाय पूर्ण टेकायला हवेत. टेकत नसतील तर जेवणाचा एखादा पाट पायाखाली घे. मी किती जणांना पाट सांगितला असेल! लोक हजारो रुपयांचा फूटरेस्ट ऑनलाइन मागवतात आणि सागवानी पाट माळ्यावर धूळ खात पडलेला असतो.

पण खुर्ची कितीही चांगली असली तरी पोटरीला काम हवंच. इथे मी तुला "दर अर्ध्या तासाने उठ" एवढंच सांगून सोडणार नाही. ते सगळेच सांगतात आणि कोणीच उठत नाही. मोबाइलचा अलार्म दोन दिवस वाजतो, तिसऱ्या दिवशी आपण तो झोपेतल्यासारखा बंद करतो. त्यापेक्षा घरच असं लाव की उठल्यावाचून गत्यंतर नाही. टेबलावरची दोन लिटरची बाटली हलव, तिथे एक छोटा पेला ठेव आणि पाणी स्वयंपाकघरातल्या माठातलं पी. उन्हाळ्यात पाणी लागतंच, आणि जितकं पिशील तितक्या वेळा मोरीकडेही जावं लागेल. फोनचा चार्जर मधल्या खोलीत लाव. ज्या मीटिंगमध्ये तुला नुसतं ऐकायचं असतं (आणि अशाच जास्त असतात, खोटं बोलू नकोस) ती ओसरीत येरझाऱ्या घालत ऐक. चहा आईने आणून द्यायचा नाही, हे मी तिला बजावून ठेवलंय. ती आधी रागावली, मग हसली.

चालू कामात उठणं खरंच शक्य नसेल तर बसल्या बसल्या टाचा टेकवून चवडे वर उचल, मग चवडे टेकवून टाचा वर. वीस-पंचवीस वेळा. कॅमेऱ्यात काही दिसत नाही. दुपारी चहा उकळेपर्यंत ओट्याला हात लावून टाचा उचलत उभा राहा. चवड्यांवर सावकाश वर, तितक्याच सावकाश खाली. पोटरी भरून आल्यासारखी वाटली की झालं. ऑफिसने पुण्याला बोलावलं की रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्येही हेच कर. शक्यतो झोपायची सीट घे.

संध्याकाळी तासभर फिरतो म्हणजे दिवसभर बसायला मोकळा, हा हिशेब मात्र नको. फिरणं चांगलंच, पण सकाळपासून साठत आलेलं संध्याकाळपर्यंत तसंच थांबतं. आणि कोणी उभं राहून काम करायचं टेबल घ्यायला सांगितलं तर जरा दमाने घे. माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या फुगलेल्या शिरांच्या लोकांत न्हावी आहेत, शिक्षक आहेत, कढईपुढे दिवस काढणारे आचारी आहेत. एका जागी खिळून उभं राहिलं तरी पोटरी झोपलेलीच. "पाय दुखतस ना बाई" म्हणत येणाऱ्यांत बसणारे आणि उभे राहणारे दोन्ही असतात.

आता टाच. सकाळी खाटेवरून उतरताना पहिली काही पावलं टाचेत खिळा टोचल्यासारखी दुखतात, नंतर सुसह्य होतात, असं तू ओझरतं लिहिलंस. हे रक्ताभिसरणाचं नाही. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो दुखावलाय. तू बूट सोडलेस आणि दिवसभर टाइल्सवर अनवाणी फिरायला लागलास, आखडलेल्या पोटऱ्या त्यात भर घालतात. घरात घालायला मऊ तळाची वेगळी चपलेची जोडी घे. आजी घरात चप्पल चालू देणार नाही, हे मला ठाऊक आहे. जोडी नवी आण, तिच्यासमोर धू, ती उंबऱ्याबाहेर कधीच जाणार नाही असं सांग आणि देवघर, स्वयंपाकघर यांच्या दाराशी काढ. इतक्या बोलीवर बहुतेक आज्या ऐकतात. उतरण्याआधी खाटेवरच टॉवेल चवड्यात अडकवून, गुडघा सरळ ठेवून पाऊल अर्धा मिनिट स्वतःकडे ओढ. दोन-तीनदा. पहाटे गोळा आला तरी असंच ओढ, बहुतेकदा सुटतो. संध्याकाळी फ्रीझरमधली पाण्याची बाटली तळव्याखाली पाच-दहा मिनिटं घोळव. महिन्या-दोन महिन्यांत फरक पडतो, चार दिवसांत नाही.

मांडी घालून तासन्‌तास लॅपटॉप घेऊन बसू नकोस. जेवायला, पूजेला मांडी घालावी, त्यात काही वाईट नाही. पण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडावरून एक मज्जातंतू अगदी कातडीलगत जातो, तो दाबला गेला की पाऊल बधिर होतं. नुसत्या मुंग्या असतील तर पाय सोडल्यावर जातात. पाऊल वर उचलताच येईना, चालताना चवडा घासला जाऊ लागला, तर वाट पाहू नकोस.

टाचांच्या भेगांना आंघोळीनंतर वजरी हलक्या हाताने, मग रात्री पेट्रोलियम जेली आणि सुती मोजे. ब्लेड नको. पावसाळ्यात शेतात गेलास तर बोटांच्या बेचक्या कोरड्या कर, म्हणजे चिखल्या होणार नाहीत. नखं सरळ काप, कोपरे कोरू नकोस.

तंबाखूचं आईला सांगणार नाही. पण सांगते तुला: तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात. बर्गर्स नावाचा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांमध्येच जास्त दिसतो, बोटांच्या बारीक धमन्या बंद पडतात आणि वेळेला बोट कापावं लागतं. मळून खाल्ल्यानेही सुटका नाही. तुझ्यापुरतं मी एवढंच म्हणेन की पोटरीचे सगळे व्यायाम एका बाजूला आणि ही पुडी दुसऱ्या बाजूला.

आता जे नीट वाचायचं ते. दोन्ही पाय सारखे सुजतात आणि सकाळी उतरतात, तोवर वरचं सगळं कर. सकाळीही सूज उतरत नसेल, तोंडावरही येत असेल, तर किडनी, लिव्हर, थायरॉइड, हृदय हे तपासायला हवं, आणि ते काम माझं नाही, फिजिशियनचं. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, हाताला गरम लागते, लालसर दिसते, तर तो दिवस घालवू नकोस. आईच्या शिवणाच्या मशीनच्या खणातली टेप काढ. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या सुरुवातीला हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून खाली १० सेंटीमीटरवर पेनाने खूण कर आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोज. दोहोंत ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक डॉक्टर गंभीर मानतात. पण घेर सारखा आला म्हणून घरी थांबू नकोस, बाकीची लक्षणं पुरेशी आहेत. डॉप्लर सोनोग्राफीत गाठ आहे की नाही ते कळतं. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळ. अशा पायाला तेल लावून रगडायचं नाही. आपल्याकडे पाय दुखला की आधी मालिशवाल्याला बोलावतात. गाठ असेल तर चोळण्याने ती सुटून वर जाऊ शकते. अचानक दम लागला, छातीत कळ आली, थुंकीतून रक्त पडलं तर थेट १०८.

दाबाचे मोजे ऑनलाइन मागवू नकोस. पायाच्या नाड्या नीट लागतात का ते आधी पाहावं लागतं, कारण धमन्या अरुंद झालेल्या पायाला तेच मोजे घातक ठरतात. तुला त्यांची गरजही दिसत नाही. संध्याकाळी जमिनीवर आडवा होऊन भिंतीला पाय लावून पंधरा मिनिटं पडलास तरी पुरे.

जाता जाता, वडिलांच्या घोट्यांची सूज. ते बीपीची अम्लोडिपिन घेतात ना? तिने अनेकांचे घोटे सुजतात. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं, ते बदलून देतात. आणि शुगर असल्यामुळे त्यांचे तळपाय रोज रात्री तू पाहायचे, बेचक्यांसकट. त्यांना काटा टोचलेला कळत नाही. शेकायला गरम पाण्याची पिशवी त्यांच्या पायाला लावू नका.

रविवारी भुसावळच्या गाडीने येतोयस तेव्हा रोजच्या वापरातले बूट आणि चपला पिशवीत घालून आण. तळ कुठल्या बाजूने झिजलाय ते पाहून मला तुझ्या टाचेचं निम्मं कळेल. दोन्ही पोटऱ्यांची मापं आजच लिहून पाठव, सकाळची वेगळी आणि रात्रीची वेगळी.

तुझी काकू