दात साफ करायचं काम नेमकं कोणाचं? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरताईंची उत्तरं

या महिन्यात दातांबद्दल बरीच पत्रं आली, त्यातली चार घेतलीये. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली कारण बाकीच्या तिघांचे प्रश्न पण फिरून तिथंच येतात.

प्रश्न : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातली. बारावी सायन्स झालं, बायोलॉजी होतं, पण नीटमध्ये मार्क कमी पडले. बाबा म्हणतात बीएस्सी कर. मावशीच्या पोरीनं सांगितलं की डेंटल हायजिनिस्ट म्हणून दोन वर्षाचा कोर्स असते. आमच्या इकडं हे नावच कोणी ऐकलं नाही. खरंच असा कोर्स असते का, अन् नोकरी लागते का?

उत्तर : बाळा, कोर्स खरा आहे आणि काही आजचा नाही. १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्येच डेंटल हायजिनिस्ट कोण हे लिहिलेलं आहे, म्हणजे जो डेंटिस्ट नाही पण दाताचं स्केलिंग (चिकटलेला कडक थर खरवडून काढणं), सफाई, पॉलिशिंग करतो आणि तोंडाची निगा कशी राखायची ते लोकांना शिकवतो. डेंटिस्टचं रजिस्टर वेगळं, हायजिनिस्टचं वेगळं आणि कवळ्या बनवणाऱ्या मेकॅनिकचं वेगळं, ही रजिस्टरं राज्याच्या डेंटल कौन्सिलकडं असतात आणि आपल्या महाराष्ट्राचं कौन्सिल मुंबईला आहे. २०२३ मध्ये संसदेनं जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवीन कायदा केला, म्हणून अ‍ॅडमिशनच्या वेळेस नियम काय चालू आहे ते नीट विचारून घे. कोर्स दोन वर्षाचा, बारावी सायन्सवर, म्हणजे तू बसतेस त्यात. काम डेंटिस्टच्या देखरेखीखाली करायचं. दात काढणं, रूट कॅनल, औषध लिहून देणं हे हायजिनिस्टचं काम नाही.

आता नोकरीचं. तुला गोड गोड सांगून मी फसवणार नाही. आपल्याकडं स्केलिंग डेंटिस्ट स्वतःच करतात. नागपूर-अमरावतीत बीडीएस झालेली पोरं-पोरी इतकी आहेत की क्लिनिकवाले त्यांनाच कमी पगारात ठेवतात, आणि हाताखाली सक्शन धरायला, हत्यारं धुवायला एखादी मुलगी ठेवतात जी काहीच न शिकता तिथंच बघून बघून शिकलेली असते. मग रजिस्टर्ड हायजिनिस्टला वेगळा पगार कोण देणार? सरकारी जागा आहेत त्या मुख्यतः डेंटल कॉलेज आणि मोठ्या हॉस्पिटलात, आणि त्याही मोजक्याच. जागा नाही म्हणून पोरं कोर्सला जात नाहीत, पोरं नाहीत म्हणून कॉलेजवाले कोर्स चालवायला उत्सुक नसतात, आणि माणसंच मिळत नाहीत म्हणून जागा मागायला कोणी उठत नाही. हे असं वर्षानुवर्षं चालू आहे आणि मला याचा खरंच त्रास होतो, कारण ज्या भागात या कामाची सगळ्यात जास्त गरज आहे तो भाग म्हणजे आपलाच.

गरज काय म्हणते ते सांगते. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेलं मिश्रण, खाणाऱ्याच्या दातावर जो थर बसतो तो ब्रशनं निघत नाही, त्याला स्केलरच लागतो, आणि ते काम करायला पाच वर्ष शिकलेला बीडीएस लागत नाही. ते काम करता करता तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, गाल आतून कडक लागला, तर त्या माणसाला त्याच दिवशी डेंटिस्टकडं पाठवणं हे पण शिकलेली हायजिनिस्ट करू शकते. गावात एएनएम (नर्सताई) आहे, आशा आहे, एमपीडब्ल्यू (आरोग्यसेवक) आहे, एमबीबीएस डॉक्टरनंच घरोघरी फिरावं असं कोणी म्हणत नाही. दाताच्या बाबतीत मात्र एक तर डेंटिस्ट, नाहीतर कोणीच नाही.

अमेरिकेत हा धंदा सुरू झाला तो कनेटिकट राज्यात, ब्रिजपोर्ट गावी. डॉ. अल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये त्यांच्या क्लिनिकमधल्या आयरीन न्यूमनला दात साफ करायला शिकवलं, १९१३ मध्ये शाळाच काढली, आणि तिथून शिकलेल्या बायका कामाला लागल्या त्या शाळेतल्या पोरांचे दात साफ करायला आणि त्यांना ब्रश शिकवायला. म्हणजे या कामाची सुरुवात शाळेतल्या लेकरांपासून झाली हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आता तिकडं राज्याराज्याचं लायसन्स वेगळं आहे, कोलोरॅडोत तर १९८७ पासून हायजिनिस्ट डेंटिस्टच्या देखरेखीशिवाय स्वतःची प्रॅक्टिस करू शकतात. पण कोणी एजंट तुला म्हणला की हा डिप्लोमा कर आणि सरळ अमेरिकेला जा, तर ऐकू नको, तिथं त्यांचं शिक्षण आणि त्यांची परीक्षा वेगळी लागते.

फी भरायच्या आधी दोन गोष्टी लेखी विचार. एक, हा कोर्स मान्यताप्राप्त आहे का, आणि दुसरं, कोर्स झाल्यावर माझं नाव राज्याच्या हायजिनिस्ट रजिस्टरमध्ये लागेल का. तालुक्याच्या ठिकाणी 'पॅरामेडिकल' नावाचे बोर्ड लागलेले असतात, तिथं सहा महिन्यांत डेंटल असिस्टंटचं सर्टिफिकेट देतात, ते घेऊन रजिस्टरमध्ये नाव लागत नाही, पैसे जातात आणि वर्ष पण जातं. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात बाबांना घेऊन स्वतः जा, ऑफिसमध्ये चौकशी कर, फोनवर भागवू नको. त्यासोबत मुक्त विद्यापीठातून पदवी चालू ठेव म्हणजे पुढं सरकारी जाहिरातीत पदवी मागितली तर अडणार नाही. तुला या कामाची आवड असली तर मी तरी नको म्हणणार नाही.

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यात झेडपी शाळेवर शिक्षक आहे. चौथी-पाचवीच्या बऱ्याच पोरांचे समोरचे दात पिवळे-तपकिरी आहेत. एका पालकानं पोराला नेऊन पैसे देऊन दात साफ करून आणले तरी डाग तसेच. गावातले म्हणतात पोरं खर्रा खातात. मला पटत नाही.

उत्तर : सर, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी बोरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दात हिरडीच्या आत तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षाच्या आतल्या वयात, असं पाणी पोटात गेलं की इनॅमलच कच्चं बनतं, आधी खडूसारखे पांढरे पट्टे आणि जास्त असलं तर तपकिरी डाग. तो डाग दाताच्या वर बसलेला नसतो, दाताच्या आतलाच असतो, म्हणून स्केलिंगनं जात नाही. त्या पालकाचे पैसे उगाच गेले. शिकलेली हायजिनिस्ट असती तर खुर्चीत बसवायच्या आधीच तिनं सांगितलं असतं की हे माझ्यानं निघणार नाही.

ओळखायला सोपं आहे. फ्लोराइडचे डाग दोन्ही बाजूच्या जोडीच्या दातांवर सारखे दिसतात आणि एकाच पाण्यावर वाढलेल्या भावंडांना पण असतात. खर्र्याचा डाग हिरडीजवळ आणि दाताच्या आतल्या बाजूला जास्त, काळपट, आणि नखानं खरवडलं तर थोडा खरखरीत लागतो.

पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत तपासायला द्या. प्रति लिटर १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा सोर्सच नसला तर १.५ पर्यंत, त्याच्या वर गेलं तर तो बोर पिण्यासाठी बंद करायला लावा आणि वापरायला, भांडे-कपड्याला ठेवा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं, हे पालकांच्या मीटिंगमध्ये नक्की सांगा. लहान पोरांना पेस्ट वाटाण्याएवढीच आणि गिळू द्यायची नाही. आणि सर, पोरांना यावरून कोणी चिडवत असेल तर ते आधी थांबवा, मुली तर तोंडावर हात ठेवून हसायला लागतात.

सातवी-आठवीच्या पोरांचं मात्र वेगळं, तिथं खर्रा खरंच पोचलेला असतो. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे पण खर्रा टपरीवर समोर घोटून मिळतो, आणि सुपारीनं गाल-जीभ आतून कडक होत जाते. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का एवढं बघायला लावा. दोनच जात असतील तर घरच्यांना बोलवा आणि डेंटिस्टकडं पाठवा.

प्रश्न : आमची आजी म्हणते मशीननं दात साफ केले की दात हालते. तिच्या हिरडीतून रक्त येते, शुगर पण आहे. करावं की नाही? (वर्धा जिल्हा)

उत्तर : करावंच. दात हलतात ते मशीननं नाही, हिरडीखाली वर्षानुवर्षं साचलेल्या दगडासारख्या थरानं हाड झिजतं म्हणून हलतात. तो थरच दातांना धरून असतो, तो काढला की आधीपासून ढिला असलेला दात ढिला आहे हे कळतं आणि फटी दिसायला लागतात, म्हणून मशीनचं नाव बदनाम झालं. चार-आठ दिवस गार पाणी झोंबतं, मग कमी होतं. शुगरवाल्याची हिरडी लवकर बिघडते आणि हिरडी बिघडलेली असली की शुगर पण आटोक्यात यायला जड जाते. आजींना म्हणा, शुगरचा रिपोर्ट आणि चालू असलेल्या गोळ्यांची पट्टी सोबत न्या, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा, आणि जेवून, रोजची गोळी घेऊन जा.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य, गडचिरोली जिल्हा. आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात डेंटलची खुर्ची आहे. डॉक्टर येतात तेव्हा दात काढायचीच लाईन असते, साफ करायला त्यांना टाईमच भेटत नाही. आम्ही काय मागणी करावी?

उत्तर : भाऊ, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण अशा पत्रात बहुतेक जण 'अजून एक डॉक्टर द्या' एवढंच लिहितात. डॉक्टर लागतोच, पण त्या एका डॉक्टरचा दिवस दात काढण्यात जातो, आणि आज ज्यांची सफाई झाली नाही त्यातलेच बरेच चार-पाच वर्षांनी दात काढायच्या लाईनीत उभे राहतात. म्हणून मागणी हायजिनिस्टची करा.

हे हवेत बोलत नाही. केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे, २०१४-१५ पासूनचा, त्यात एनएचएममधून (राष्ट्रीय आरोग्य अभियानातून) जी मदत मिळू शकते त्यात डेंटल खुर्ची, साहित्य आणि माणसं असं धरलेलं आहे, आणि माणसांमध्ये डेंटिस्ट, डेंटल असिस्टंट यांच्यासोबत डेंटल हायजिनिस्ट हे नाव स्पष्ट आहे. पण जिल्ह्यानं आपल्या आराखड्यात मागितलं तरच पुढं सरकतं. जिल्ह्याची मागणी राज्याकडं आणि राज्याची केंद्राकडं जाते. त्यामुळं ग्रामसभेत ठराव घ्या, त्यात 'दंत आरोग्य सुविधा' असं मोघम लिहू नका, 'कंत्राटी डेंटल हायजिनिस्टचं एक पद' असंच लिहा, आणि प्रत जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक दोघांकडं द्या, पोच घ्या. शेजारच्या दोन-चार ग्रामपंचायतींनी तोच ठराव घेतला तर अजून चांगलं, कारण हायजिनिस्टला आठवड्यातले काही दिवस खुर्चीवर आणि बाकी दिवस शाळा-आश्रमशाळेत शिकवायला फिरवता येतं.

तोवर एक काम लगेच होण्यासारखं आहे. दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीत विषय ठेवा की स्केलर मशीन चालू आहे का, त्याच्या टोकाला लावायच्या टिपा किती आहेत, हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह चालतो का. बऱ्याच ठिकाणी मशीन असतं आणि टिपा झिजलेल्या असतात, खर्च लहान असतो पण कोणी विचारत नाही. डॉक्टरांशी बोलून आठवड्यातला एक दिवस फक्त सफाईचा ठेवता येतो का बघा. आणि आशाताई तीस वर्षावरच्या लोकांचा जो सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका तपासायचा) भरतात त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा आहे का हे प्रश्न आधीच आहेत. ज्यांचं उत्तर 'हो' आलं त्यांना त्या दिवशी पहिला नंबर द्यायला सांगा.