आईवडिलांना घेऊन जुने गोवे: फेस्ताला जावे की एरवी?

वृद्ध आईवडिलांना भुसावळहून जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला न्यायचे असेल, तर 3 डिसेंबरचा फेस्ताचा (संतांच्या वार्षिक सणाचा) दिवस टाळून 24 नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या नोव्हेनातील (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेतील) एखादा कामकाजाचा दिवस निवडावा. आमच्या धर्मग्रामातील (चर्चच्या परिसरातील) ज्येष्ठांना मी तेथे घेऊन गेलो आहे. फेस्ताला मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) बाहेरच्या मंडपात होतात आणि बॉम जीझस बॅसिलिकेत शिरण्यासाठी रांगेत फार वेळ उभे राहावे लागते, जे गुडघे दुखणाऱ्यांना झेपत नाही. नोव्हेनात मात्र भक्तिभाव तोच मिळतो आणि रस्त्यापलीकडचे सी कॅथेड्रलही निवांत पाहता येते. प्रवासासाठी गोवा एक्सप्रेस सोयीची आहे, कारण ती मनमाड, पुणे, मिरजमार्गे थेट मडगावला पोहोचते व गाडी बदलावी लागत नाही. नंदुरबारकडच्यांनी आधी भुसावळ गाठावे. जुन्या गोव्याला सर्वांत जवळचे स्थानक करमळी असले, तरी ही गाडी तेथे जात नाही, म्हणून मडगावहून टॅक्सी करावी. एक गोष्ट आईवडिलांना आधीच सांगून ठेवावी: बॅसिलिकेत संतांचे पवित्र अवशेष चांदीच्या पेटीत, 1698 मध्ये बसवलेल्या संगमरवरी समाधीवर बरेच उंच ठेवलेले असतात, त्यामुळे एरवी जवळून दर्शन होत नाही. ते साधारण दहा वर्षांनी होणाऱ्या प्रदर्शनातच घडते, आणि मागचे प्रदर्शन 5 जानेवारी 2025 रोजी संपले.