कोड फुकट मिळाला, हे आधी लिही

कंपनीने फुकट दिलेल्या कोडवर (गेम डाउनलोड करायचा क्रमांक) खेळून लिहिलेला तुझा पहिला गेम रिव्ह्यू आला की कोणीतरी विचारणारच, "किती घेतलेस?" चिडू नकोस. हा संशय हवेतून आलेला नाही. २००७ मध्ये गेमस्पॉट या गेमिंग साइटने आपले समीक्षक जेफ गर्स्टमन यांना काढलं. 'केन अँड लिंच' या गेमला त्यांनी १० पैकी ६ गुण दिले होते, आणि त्याच साइटवर त्याच गेमच्या मोठ्या जाहिराती झळकत होत्या. जाहिरातदारांच्या दबावाबद्दल ते उघडपणे बोलले ते थेट २०१२ मध्ये. मधली चारहून जास्त वर्षं वाचकांनी जो तर्क केला, तो मनात घट्ट बसला.

पण मला विचारशील तर खरी गोची लाचेत नसतेच, ती अटींमध्ये असते. डिसेंबर २०२० चा 'सायबरपंक २०७७' घे. रिलीजआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत, वर स्वतःचं फुटेज दाखवायला मनाई. गुण भरभरून पडले. पीएस४ (सोनीचा कन्सोल) वाल्यांच्या हातात मात्र अडखळणारा, मध्येच बंद पडणारा गेम आला आणि सोनीने त्याच महिन्यात तो आपल्या स्टोअरवरून उतरवला. कोणी खोटं लिहिलं नव्हतं, तरी वाचक फसला.

म्हणून कोणत्या मशीनवर खेळलास, किती तास, कोड कोणी दिला, एम्बार्गोत (रिलीजआधी काय, कधी छापायचं याची कंपनीची अट) काय दाखवायला बंदी होती, हे पहिल्या परिच्छेदात टाक. तळाशी बारीक अक्षरात नको. आणि गेम संपवला नसशील तर सरळ तसं लिही. कन्सोलवर तुझ्या खात्यात दिसणारी ट्रॉफीची यादी (गेममध्ये कुठवर पोचलास याची नोंद) बघून लोक पकडतातच. (मलाही पकडलंय.)

कन्सोलची प्रत मिळाली नाही? मग गुण थांबव. संपादक कुरकुरेल, कुरकुरू दे.