फोटोबुक करतोयस? आधी लॅपटॉप मिट

अरे सॉफ्टवेअरचं नंतर बघू, आधी सगळ्या फोटोंच्या छोट्या प्रिंट काढ, जमिनीवर पसर आणि हलवत बस, कारण कुठल्या फोटोशेजारी कुठला बसतो यावर अख्खी गोष्ट ठरते. हसणारा चेहरा रिकाम्या खुर्चीसमोर ठेव, मग तोच गर्दीसमोर ठेवून बघ, अर्थच बदलतो. तुला सगळ्यात भारी वाटणारे दोनतीन फोटो बहुतेक बाहेरच जाणार, जिवावर येतं पण काढच. जोडपानावर (समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला एकच फोटो) चेहरा बरोबर मधे घेऊ नको, बाइंडिंगमध्ये नाक गायब होतं (हमखास!). पिन मारून बांधणार असशील तर पानं 4 च्या पटीत, रिझोल्यूशन 300 डीपीआय (म्हणजे दर इंचाला 300 ठिपके), बाकी प्रिंटरवाला सांगेल. आणि साध्या कागदाची डमी, म्हणजे नमुन्याचं पुस्तक, करून कुणाच्यातरी हातात दे, स्वतः काही बोलू नको, पानं उलटताना ते कुठे थांबतात तेवढं बघ.