नळ बसला की ओळख विसरते

‘अक्का, मी बेळगावातल्या अनगोळचा, वय ३६. बारा वर्षं प्लंबिंग करूलोय, त्यातली चार स्वतःच्या नावावर. हाताखाली दोन पोरं, रोज ७०० देतो. काम भरपूर हाय, पण महिनाअखेरीला हातात काय उरंना. येळ्ळूरला मेहुण्याचं घर केलं. तीन बाथरूम आणि स्वयंपाकघर, २६ दिवस लागले. मजुरी ५२ हजार ठरली, मिळाले ३०. एका बिल्डरकडं १ लाख १० हजार अडकून १४ महिने झाले. हार्डवेअरवाल्याची उधारी डोक्यावर, ती भागवायला बायकोच्या पाटल्या सोसायटीत ठेवल्या. तिला उगीच टेन्शन नको म्हणून सांगितलं न्हाई. नोटीस येते म्हणून फोनपेपण बंद केलं. गोव्यात म्हापशाला मित्र हॉटेलात प्लंबर आहे, पगार एक तारखेला. ये म्हणतो. धंदा बंद करू का? आणि गाळ्यावर बोर्ड लावायचा राहिलाय, मराठीत लावू का कन्नडात?’

अक्का म्हणालास, तर अरेतुरे करते. राग मानू नकोस.

आधी पाटल्यांचं. धंदा चार दिवस थांबेल. आज रात्री जेवणं झाली की बायकोला सांग. सोसायटीची नोटीस पोस्टमन तिच्या हातात देईल, त्याच्या आत सांग. ती चिडेल, रडेल, दोन दिवस ताट आपटून वाढेल. वाढू दे. टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही म्हणतोस, ते मला पटलं नाही. पाटल्या का ठेवल्या हे सांगायचं तर तिच्या भावाकडचे २२ हजार बाहेर येणार, ही खरी अडचण. मेहुणा दुखावू नये म्हणून तू बायकोचं सोनं गहाण टाकलंस. हे एकदा स्वतःशी मोठ्यानं म्हणून बघ. आणि सांगून झाल्यावर ‘आता तूच माग तुझ्या भावाकडं’ असं तिला म्हणू नकोस. पैसे तुझे, मागायला तूच जायचं. ती बरोबर आली तर तिची मर्जी.

आता येळ्ळूरचा हिशेब. तू तो मांडलेलाच नाहीस, मी मांडते. दोन पोरांची २६ दिवसांची हजेरी ३६,४००. पेट्रोल रोजचं १०० धरलं तर २,६००. पुरे ५२ हजार मिळाले असते तरी तुझ्याकडं उरले असते १३ हजार, म्हणजे दिवसाला ५००. हाताखालचा पोरगा ७०० घेऊन घरी गेला असता आणि मालक ५००! प्रत्यक्षात आले ३० हजार, गेले ३९ हजार. पदरचे ९ हजार घालून तू मेहुण्याला बाथरूमं करून दिलीस. कटर मशीनची झिजलेली ब्लेडं, गळती बघायला मारलेल्या फुकट फेऱ्या, काम नसताना पोरं सोडून जाऊ नयेत म्हणून हातावर ठेवलेले पैसे, यातलं मी काहीच धरलेलं नाही.

तुझं काम चांगलं नसतं तर माणसांनी बोलावलं नसतं. दर सांगताना तू पोरांची मजुरी धरतोस, पेट्रोल निम्मं धरतोस आणि स्वतःला विसरतोस. ओळखीचा माणूस समोर असला तर विचारायलाच नको. भीड भिकेची बहीण असं आमची आजी म्हणायची, तेव्हा कटकट वाटायची.

आम्ही गिऱ्हाईकंही काही साधी नाही. शहापुरात आमच्या घरी एकदा फ्लशची टाकी वाहायला लागली. प्लंबर आला, दहा मिनिटांत व्हॉल्व्ह बदलून मोकळा झाला, मजुरीचे ३०० मागितले. दहा मिनिटांचे ३००? मी १५० दिले आणि वर चहा पाजला, जणू चहानं भरपाई झाली. पुढच्या उन्हाळ्यात मोटर पाणी ओढेना, त्याला फोन केले. तो आला नाही. संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, पाणी आणि आम्ही कळशीनं वर नेतोय, असे आठ दिवस काढले. दहा मिनिटांत जमायला त्याची किती वर्षं गेली असतील, हे तेव्हा सुचलं. माझा गुडघा बोलायला लागल्यावर.

तुमच्या धंद्यात आणखी एक खोड आहे. तुमचं चांगलं काम दिसत नाही. भिंत कापून पाइप टाकले, दाब देऊन बघितलं, गिलावा झाला, वर टाइल बसली. तुझी बारा वर्षं त्या टाइलमागं गेली. दिसतो तो नळ, आणि तो गिऱ्हाइकानं स्वतः निवडून आणलेला. तो बसला, पाणी आलं, की तुझी ओळख विसरते. म्हणून पैसे टप्प्यानं घे आणि मोठा टप्पा टाइलच्या आधी घे. दाबाची परीक्षा मालकासमोर कर, गेजचा फोटो त्याच्याच फोनवर काढायला सांग. पुढं कुणी सुताराचा खिळा पाइपात घातला तर निदान तुझ्यावर येणार नाही. नळ, शॉवर बसवायच्या दिवशी थोडकेच पैसे बाकी असावेत.

आणि माल स्वतःच्या नावावर उधार उचलणं आजपासून बंद. यादी तू दे, पैसे मालकानं थेट दुकानात भरावेत. दुकानदार तुला काही कमिशन देत असेल, ते मालकाला सांगून घे. लपवून घेतलेलं कळलं की मजुरी मागताना तोंड उघडत नाही.

फोनपे परत सुरू कर. २०२५ च्या जुलैत यूपीआयचे आकडे बघून कर्नाटकात छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हापासून ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या, हे खरं. पण सेवेच्या धंद्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. मालाचे पैसे तुझ्या खात्यातून फिरले नाहीत तर तू तिच्या जवळपासही जाणार नाहीस. उलट खात्यावर जमा दिसली तर उद्या मुद्रा कर्ज मागायला तोंड राहील. त्यातलं ५० हजारांपर्यंतचं शिशु कर्ज तारणाशिवाय मिळतं, पाटल्या लागत नाहीत.

बिल्डरचं प्रकरण वेगळं, तिथं नातं नाही. काम संपल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, त्यातले १४ महिने तू ‘उद्या या’ ऐकण्यात घालवलेस. पहिल्यांदा त्याच्याकडून ‘इतके देणं लागतो’ असं सहीनं लिहून घे. मुदतीच्या आत अशी सही मिळाली तर तीन वर्षं तिथून नव्यानं मोजतात. देत नसेल तर वकिलाची नोटीस पाठव. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं अर्ज देऊन दाव्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, त्याला कोर्ट फी लागत नाही. आणि तोवर त्याच्या नव्या साइटवर पाय ठेवू नकोस. ‘हे काम कर, मागचं-पुढचं एकदम देतो’ असं तो म्हणणारच.

पोरांसाठी एक. प्लंबर बांधकाम कामगारात मोडतो. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम असेल तर कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंद होते. तिघांचीही कर. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा बँकेत मिळतो, तोही काढ. तिसऱ्या मजल्यावर बाहेरून पाइप बांधताना ती पोरं कशावर उभी असतात, ते तुला माहीत आहे.

म्हापसा. जायला लाज कसली? चोर्ला घाट उतरून बेळगावची किती माणसं पोट भरतात. पण आज गेलास तर देणेकऱ्यांना चुकवून गेल्यासारखं होईल आणि घेणं बुडेल ते वेगळंच. येत्या गणपतीपर्यंत नव्या रीतीनं धंदा कर. सणाआधी जो तो घरातली गळती काढायला बघतो, तेव्हा दर सांगायची सवयही होईल. त्यानंतरही वहीत तुझी रोजची मजुरी पोरांच्या वर जात नसेल, तर मित्राला फोन कर. वही कोण लिहिणार, ते बायकोला विचारून ठरव. तिला आवड असेल तर उत्तम. तिच्या अंगावर आणखी एक बिनपगारी काम टाकू नकोस.

बोर्ड दोन्ही भाषांत लाव. नियमाप्रमाणे ६० टक्के कन्नड हवी, उरलेल्यात मराठी ऐसपैस बसते. फोन नंबर मोठा काढायला सांग. पेंटरला दर आधी विचार आणि बोर्ड टांगला की त्याच दिवशी त्याचे पैसे दे.