रिफायनरचा लोड हेलकावे खात असेल तर प्लेट बदलण्याआधी वाफेची वाट तपासा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. क्वेबेकमधील आपल्या कारखान्यात स्प्रूसच्या लाकडाच्या चिप्सपासून थर्मोमेकॅनिकल लगदा (वाफेने मऊ करून यंत्राने दळलेला, कागदासाठीचा लगदा) काढणारा एक रिफायनर, म्हणजे खाचा असलेल्या दोन प्लेटमध्ये चिप्स दळणारे यंत्र, आहे. चकती 60 इंची, वेग मिनिटाला 1800 फेरे, एक प्लेट स्थिर आणि एक फिरती. मोटरचा लोड 10 मेगावॅटच्या जवळ नेला की तो वरखाली होऊ लागतो, चिप्स आत ढकलणाऱ्या फीडरमधून वाफ उलटी येते आणि चिप्स आत जाताना अडतात. पुरवठादाराने नव्या नमुन्याच्या प्लेट सुचवल्या आहेत, त्या घ्याव्यात का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे आहे की त्या कदाचित घ्याव्या लागतील, पण सर्वांत शेवटी. त्याआधी वाफ किती तयार होते, ती कोणत्या बाजूने जाते आणि तिची वाट कुठे अरुंद झाली आहे, याचा छडा लावला पाहिजे.

आधी वाफेचा अंदाज घेऊ. रिफायनरला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते आणि तिचा मोठा भाग पाण्याची वाफ करण्यात जातो. आपण उत्पादन कळवलेले नाही, म्हणून ताशी 8 टन कोरडे लाकूड, चिप्समध्ये निम्मे पाणी, बाहेर पडणाऱ्या लगद्याची घनता (वजनातला कोरड्या तंतूचा वाटा) 45 टक्के आणि डायल्यूशनचे, म्हणजे रिफायनरमध्ये बाहेरून सोडायचे, पाणी 70 अंशांचे, असे धरू. प्लेटमधला निरपेक्ष दाब 4 बार धरला तर तापमान सुमारे 144 अंश येते. या आकड्यांवर 10 मेगावॅटला ताशी साडेचौदा टन वाफ निघते, आणि ताळा बसवण्यासाठी साधारण 16 टन पाणी बाहेरून द्यावे लागते. म्हणजे लाकडापेक्षा वाफच जास्त, आणि तिचे आकारमान दर सेकंदाला जवळपास 1.9 घनमीटर.

आता वाट पाहा. चकतीचा परीघ सुमारे 4.8 मीटर आहे. प्लेटमधले अंतर 0.3 मिलिमीटर धरले तर त्या फटीचे क्षेत्रफळ जेमतेम 14 चौरस सेंटिमीटर भरते. निम्मी वाफ जरी परिघाच्या बाजूने जायची म्हटली तरी तिला सेकंदाला 600 मीटरहून अधिक वेग लागेल, आणि वाफेतला ध्वनीचा वेगही सुमारे 500 मीटरच आहे. तेव्हा वाफ फटीतून जात नाही, ती प्लेटवरच्या कंगोऱ्यांमधल्या खाचांमधून जाते. खाचांत लगदा बसला, त्या झिजून उथळ झाल्या किंवा खाचेत आडव्या घातलेल्या बांधांनी, म्हणजे डॅमनी, जागोजागी अडवल्या, की दाब चढतो. आपल्या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच आहे.

हा दाब केंद्रापासून परिघापर्यंत सारखा नसतो. मधल्या कुठल्या तरी त्रिज्येवर तो सर्वाधिक असतो. त्या रेषेच्या बाहेरची वाफ लगद्याबरोबर पुढे जाते आणि आतली वाफ चिप्सच्या विरुद्ध दिशेने फीडरकडे परतते. 1990 मध्ये माइल्स आणि मे या संशोधकांनी लगद्याच्या प्रवाहाचे जे गणित मांडले, त्यात केंद्रोत्सारी बल आणि कंगोऱ्यांचे घर्षण यांच्या जोडीला वाफेची ही ओढही धरलेली आहे. आजही मी त्याच चौकटीत विचार करतो, कारण त्यामुळे हेलकाव्यांचा क्रम नीट उलगडतो. लोड वाढवला की वाफ वाढते, उलट्या वाफेने चिप्स थबकतात, प्लेटमध्ये माल कमी पडल्याने लोड घसरतो, त्याबरोबर वाफही ओसरते आणि साचलेला ढीग एकदम आत घुसून लोड पुन्हा उसळतो. शिवाय प्लेट जवळ आणणाऱ्या हायड्रॉलिक जोराचा काही भाग वाफेचा दाबच पेलत असतो, त्यामुळे दाब हलला की फटही हलते आणि प्लेट एकमेकींना घासण्याचा धोका वाढतो.

म्हणून पहिले काम खर्चाचे नाही. मोटर लोड, प्लेटची स्थिती, फीड स्क्रूचा करंट, चिप्स आधी तापवणाऱ्या प्रीहीटरचा दाब, केसिंगचा (प्लेटभोवतीच्या कवचाचा) दाब आणि उलटी वाफ बाहेर सोडणाऱ्या व्हेंट व्हॉल्व्हचे उघडणे या सगळ्यांचे आलेख एकाच वेळपट्टीवर, शक्य तितक्या जलद नोंदींसह काढा आणि आधी काय हलते ते पाहा. फीडरकडचा दाब आधी चढून मग लोड पडत असेल तर दोष वाफेचा आहे. स्क्रूचा करंट आधी हलत असेल तर चिप्सचा आकार, ओलावा किंवा भुसा तपासा. अशा वेळी प्लेटवर केलेला खर्च वाया जाईल.

दोष वाफेचा ठरला तर तिच्या दोन्ही वाटा पाहा. मागच्या बाजूला रिबन फीडर, म्हणजे मळसूत्री पट्टीचा स्क्रू, आहे ना, हे आधी कळवा. त्याच्या पट्टीच्या आतला मोकळा गाळा वाफेला परत जाण्यासाठीच ठेवलेला असतो. तिथे भरीव दांड्याचा स्क्रू असेल, किंवा व्हेंटची नळी तंतू आणि राळ बसून आतून अरुंद झाली असेल, तर कोणतीही प्लेट पुरी पडणार नाही. व्हेंटची नळी देखभालीसाठीच्या पुढच्या बंदमध्ये उघडून पाहाच, कारण ती बाहेरून कधीच संशयास्पद दिसत नाही. पुढच्या बाजूला लगदा आणि वाफ बाहेर सोडणारा ब्लो व्हॉल्व्ह विनाकारण आवळलेला आहे का आणि या वाफेच्या उष्णतेवर स्वच्छ वाफ करणाऱ्या रिबॉयलरच्या नळ्यांवर थर बसून लगद्यातून वाफ वेगळी करणाऱ्या सायक्लोनचा दाब चढला आहे का, हे तपासा. केसिंगचा दाब वाढला की तेवढी जास्त वाफ मागे ढकलली जाते. मात्र तो दाब एकदम पाडू नका. तसे केल्यास पुढे धावणारी वाफ लगद्यालाही ओढून नेते, तो प्लेटमध्ये कमी वेळ राहतो आणि न सुटलेल्या काड्या वाढतात. दाब थोडाथोडा बदला आणि दर बदलानंतर लगद्याचा नमुना तपासा.

याच बंदमध्ये स्थिर प्लेटची आतली बाजू बारकाईने पाहा. उलटी वाफ मुख्यतः तिच्या खाचांतून जाते, कारण फिरत्या प्लेटच्या खाचांतला लगदा केंद्रोत्सारी बलाने बाहेर फेकला जातो. आतल्या खाचांच्या तळाशी तपकिरी, भाजल्यासारखा, छिन्नीशिवाय न निघणारा थर दिसला आणि बाहेरच्या खाचा मात्र स्वच्छ असल्या, तर वाट तिथेच बंद झाली आहे. असा थर अनेकदा डायल्यूशनचे पाणी कमी पडल्याने किंवा एखादे भोक बुजून ते एका अंगाला न पोहोचल्याने धरतो. त्यामुळे पाण्याची भोकेही साफ करा.

एवढे करूनही हेलकावे राहिले तर प्लेट अवश्य बदला, पण काय हवे ते आपण सांगा. स्थिर प्लेटच्या आतल्या भागात डॅम नकोत आणि खाचा रुंद व खोल हव्यात. फिरत्या प्लेटचे कंगोरे माल बाहेर नेणाऱ्या कोनात असावेत. त्याने वीजही वाचते, फक्त तंतूची लांबी आणि लगद्याची ताकद यांवर लक्ष ठेवावे लागते. बाहेरच्या भागातले सगळे डॅम काढून टाकू नका, कारण खाचेतला तंतू उचलून कंगोऱ्यांमध्ये आणण्याचे काम तेच करतात. आणि नव्या प्लेट चढवताना खाचांची खोली मोजून लिहून ठेवा, पुढे प्रत्येक बंदमध्ये ती पुन्हा मोजा; हेलकावे कोणत्या खोलीला सुरू होतात हे एकदा कळले की प्लेट तासांवरून नव्हे, त्या खोलीवरून बदलता येतील.